धातुसंधी

मला आज भांडायचं आहे. आणि हे भांडण १२० रुपयांच्या वस्तूवरून आहे, तेही आधीच सांगून टाकतो. म्हणजे ज्यांना मोठ्या विषयांवरची भांडणं आवडतात त्यांनी खुशाल पान उलटावं. राजकारण, क्रिकेट आणि मराठी भाषेचं भवितव्य या विषयांवर भांडणाऱ्यांची आमच्या बाभुळगावात वानवा नाही. चहाच्या टपरीवर ही तिन्ही भांडणं एका कटिंगमध्ये उरकतात. पण मोटारीच्या सायलेन्सरच्या सांध्यात जी एक पातळशी चकती बसते, तिच्या बाजूनं भांडायला कोणी उभं राहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पुस्तकात तिला गॅस्केट म्हणतात. गॅरेजात पॅकिंग म्हणतात. मी तिला बरीच वर्षं काहीच म्हणत नव्हतो, आणि तिथंच सगळं चुकलं.

मी मराठीचा मास्तर. बत्तीस वर्षं मुलांना संधी शिकवला. स्वरसंधी, व्यंजनसंधी, विसर्गसंधी. दोन वर्ण शेजारी आले की त्यांच्यामध्ये काहीतरी घडावं लागतं, त्याशिवाय शब्द जुळत नाही, हे मी खडू मोडेपर्यंत फळ्यावर सांगितलं. पण दोन नळ्या शेजारी आल्या तर त्यांच्यामध्येही काहीतरी लागतं, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ, एवढीच माझी धातूशी ओळख होती.

माझी गाडी १९९६ सालची मारुती ८००. ही गाडी देशात १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. माझी मात्र थांबायला तयार नाही. तर या गाडीचा सायलेन्सर गंजून गळून पडला. मिस्त्रीनं कारण सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. म्हणाला, "सर, तुम्ही गाडी कमी चालवता म्हणून गंजला." मला वाटलं हा थट्टा करतोय. पण नंतर चौकशी केली तर ते अक्षरशः खरं निघालं. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपानं सायलेन्सरमधून बाहेर जायचं असतं. पण नळी पुरेशी तापलीच नाही तर वाफेचं आत पाणी होतं आणि तिथंच मुक्काम करतं. आता आमचं गाव केवढं! घरून निघालो, बँकेत गेलो, भाजी घेतली, परत आलो. इंजिन तापायच्या आत गाव संपतं. ज्या यवतमाळ जिल्ह्यात आम्ही उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघत उभे राहतो, तिथं माझी गाडी दाराशी उभी राहून पोटात पाणी साठवत होती. बेंबळा प्रकल्प आमच्याच तालुक्यात आहे. त्याची एक शाखा माझ्या सायलेन्सरमध्ये निघाली होती म्हणा ना!

इथं माझ्या मेव्हण्याचा प्रवेश होतो. मेव्हणा नागपूरला असतो. आपल्याला मोटारींमधलं कळतं, असं त्याचं प्रामाणिक मत आहे, आणि हे मत तो एकटाच सांभाळून आहे. त्यानं फोनवरच निकाल दिला, "भाऊजी, कंपनीचा सायलेन्सर कायले लावता? तो इंजिनचा गळा दाबते. मी बाहेरचा पाठवतो, फ्री-फ्लो. आवाज पाहजा मंग!" बाहेरचा म्हणजे परदेशी नव्हे. कंपनीनं न बनवलेला तो बाहेरचा. आठ दिवसांत खोकं आलं. किंमत साडेतीन हजार. खोक्यात चकचकीत नळकांडं होतं, दोन पट्टे होते, नटबोल्टची पिशवी होती, काचेवर लावायला ज्वाळांचं चित्र असलेला स्टिकर होता. पॅकिंग तेवढं नव्हतं.

हा माझा पहिला आक्षेप. ज्वाळांचं चित्र द्यायला आठवतं आणि खऱ्या ज्वाळा आत ठेवणारी चकती द्यायला आठवत नाही, हा कुठला व्यापार? नवरदेवाला फेटा, शेरवानी, जोडा सगळं पाठवलं आणि नाडी विसरली, त्यातला प्रकार.

पण विक्रेत्याला फार बोलायचा मला अधिकार नाही. कारण पुढचं पाप माझं आहे. मिस्त्रीनं जुनी नळी खोलली, सांध्यातलं जुनं पॅकिंग काढलं, बोटांत धरून उन्हात पाहिलं आणि सांगितलं, "सर, हे गेलं आता. एकदा दाबल्या गेलं की पुन्हा नाही बसत ते. अन् या नव्या नळीचं भोक मोठं आहे, हे लहान आहे. यवतमाळहून नवीन आणा. दोन्ही नमुने सोबत न्या. एकशे वीस रुपयाचं तं येते."

हा मुलगा आठवी शिकलेला. मी बी. ए., बी. एड. तेव्हा अर्थातच मी त्याचं ऐकलं नाही. पॅकिंग १२० रुपयांचं, पण यवतमाळला जाऊन-येऊन अर्धा दिवस जाणार. शिवाय चार शिकलेली माणसं गॅरेजात जमली होती. आमच्याकडे गाडीचं बॉनेट उघडलं की शिकलेली माणसं आपोआप जमतात. मावळलेल्या ग्रामसभेचा कोरम मोटारीभोवती पूर्ण होतो. प्रत्येकाकडे तोडगा होता. एक म्हणाले, लाल सिलिकॉनची ट्यूब पिळा, दगडासारखं घट्ट होतं. दुसरे म्हणाले, जाड पुठ्ठा कापून बसवा, पाण्याच्या पंपाला आम्ही तेच करतो. तिसऱ्यांच्या घरी वडिलांच्या जीपच्या काळातला ॲस्बेस्टॉसचा तुकडा होता. तो कानशीनं घासून द्यायला ते स्वतः तयार होते. चौथे म्हणाले, "जुनंच टाका हो उलटं करून. चालून जातं."

चालून जातं! मराठी भाषेतलं सर्वांत लोकप्रिय क्रियापद हेच असावं. कर्ता नाही, कर्म नाही, जबाबदारी नाही. मी व्याकरणाचा मास्तर असूनही त्या प्रयोगावर भाळलो. जुनं पॅकिंग उलटं करून बसवलं. मिस्त्री म्हणाला, "तुमची मर्जी जी." आणि त्यानं बोल्ट आवळले.

गाडी सुरू झाली. मेव्हण्यानं सांगितलेला आवाज आला. शेजारची म्हैस दावं तोडून गेली. त्यात आणखी एक बारीक टिक-टिक होती. ती सकाळी गाडी थंड असताना जास्त येई आणि गाडी तापली की कमी होई. मी ती मोटारीची नाडी समजलो. वास्तविक ती फटीतून निसटणाऱ्या धुराची हाक होती. धातू तापून फुगला की फट थोडी मिटते, म्हणून आवाज दबतो. म्हणजे रोग बरा होत नव्हता, फक्त तक्रार बंद होत होती. आपल्याकडे या दोहोंत फारसा फरक करत नाहीत.

डिसेंबरात नागपूरला लग्न होतं. पहाटे निघालो. मी, ही, आणि मागच्या सीटवर आमची आई, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. कडाक्याची थंडी, म्हणून चारही काचा वर. आमची आई प्रवासात अखंड बोलते. कळंब येईपर्यंत तिनं नवरीच्या आजीचं माहेर काढलं. कळंब मागे पडलं तेव्हा हिचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, पित्त. ही म्हणाली, रात्रीचं भरीत. वर्धा नदीचा पूल ओलांडला तेव्हा माझ्याही कपाळाच्या शिरा ठणकायला लागल्या. आणि मग लक्षात आलं की मागून आवाज येत नाहीये.

वाचकहो, आत्तापर्यंत हसलात ना? त्या क्षणी मला हसू आलं नाही. आई झोपली असेल म्हणून मी दोन मैल तसाच गेलो. ते दोन मैल मला अजून अधूनमधून मध्यरात्री जावे लागतात. हिनं मागे वळून हाक मारली, उत्तर आलं नाही. मी गाडी बाजूला घेतली, चारही दारं उघडली. थंड वारा सुटला होता. आईला आम्ही धरून बाहेर आणलं आणि कपाशीच्या धुऱ्यावर बसवलं. ती उलटी झाली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "मले गरगरून राह्यलं रे."

पुढचा रस्ता आम्ही काचा खाली करून, कुडकुडत काढला. नागपुरात लग्नाच्या मांडवाआधी डॉक्टर गाठला. त्यांनी आईला तपासलं आणि मला विचारलं, "गाडी कोणती?" मला वाटलं त्यांना विकत घ्यायची आहे. मी म्हटलं, "मारुती, पण सायलेन्सर नवा आहे." डॉक्टर म्हणाले, "तेच विचारत होतो."

मग त्यांनी समजावलं. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि मग प्राणवायूला बसायला जागाच राहत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आणि माणूस झोपला की पुढचं सांगायला उठत नाही. सांध्यातून निसटलेला धूर गाडीखाली घुटमळतो आणि जुन्या पत्र्याच्या भोकांतून आत शिरतो. माझ्या गाडीच्या तळाला अशी भोकं इतकी होती की पावसाळ्यात पाय धुऊन निघत.

परत आल्यावर मिस्त्रीनं गाडी वर उचलली. सांध्याभोवती काळं वर्तुळ होतं, काजळाच्या बोटानं काढल्यासारखं. पॅकिंगची आतली कड धुराच्या वाटेत येऊन जळाली होती आणि तिचा एक तुकडा तुटून गेला होता. मिस्त्री "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. ते काम घरी हिनं केलं. हिनं स्वयंपाकघरातून प्रेशर कुकर आणून माझ्यापुढे ठेवला.

"ही रिंग बघा. ढिली झाली की शिटी होत नाही, डाळ शिजत नाही. मी कधी उलटी करून बसवली? कधी शेजारणीच्या कुकरची आणली? कधी सिलिकॉन पिळलं? दुकानात कुकरचं नाव आणि लिटर सांगून, झाकणाला लावून बघून आणते. तेवढ्या वरणाच्या डब्यासाठी! आणि तुम्ही माणसं बसवता गाडीत."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका मुद्देसूद पाठ मी एकदाही घेतला नव्हता.

तेव्हापासून मी पॅकिंग या विषयाचा अभ्यास केला. विद्यार्थ्यांना संधीचे नियम पाठ करायला लावले, आता स्वतः धातुसंधीचे पाठ केले. ते मी इथं सांगणार आहे. कंटाळा आला तरी ऐकावं लागेल, कारण वर्ग माझा आहे.

पॅकिंग मापाचंच हवं. त्याचं मधलं भोक नळीच्या भोकापेक्षा लहान नको, नाही तर कड धुरात येऊन जळते. बोल्टच्या भोकांमधलं अंतर दोन्ही तोंडांशी जुळायला हवं. एका बाजूला कंपनीची नळी आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची असली तर हे दोनदा तपासावं, म्हणूनच मिस्त्री दोन्ही नमुने न्या म्हणत होता. काही गाड्यांत चपटं पॅकिंग नसून जाड गोल रिंग असते आणि बोल्टला स्प्रिंग असतात. इंजिन रबरावर डोलतं, त्याच्याबरोबर सांध्यालाही थोडं डोलता यावं म्हणून ती योजना. तिथं चपटं पॅकिंग घालून करकचून आवळलं तर आज गप्प बसेल आणि उद्या नळीलाच तडा जाईल.

आता ते कशाचं असावं? इंजिनाजवळचा सांधा जोरात चाललेल्या गाडीत ६०० अंशांच्या पुढे तापतो. सिलिकॉनच्या ट्यूबवर वाचलं तर ३०० ते ३५० अंशांचाच वायदा असतो. शिवाय हल्लीच्या गाड्यांत नळीला प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. सिलिकॉनच्या वाफेनं तो बिघडतो, आणि त्याच्याआधीच्या सांध्याला फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन तो खोटं बोलायला लागतो. मग गाडी उगाच जास्त पेट्रोल पिते. पुठ्ठ्याबद्दल बोलायलाच नको. तो होळीला ठीक. ॲस्बेस्टॉस उष्णता सोसतं हे खरं, पण त्याच्या धुळीनं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं केव्हाच सांगितलं आहे. वडिलांची आठवण म्हणून ते कानशीनं घासणाऱ्या गृहस्थांना मी आता हात जोडतो. पोलादी पत्र्याचा गाभा असलेलं ग्रॅफाइटचं पॅकिंग घ्यावं किंवा पोलादी पत्र्यांच्या थरांचं. ग्रॅफाइट जरा दबतं, म्हणून जुन्या, किंचित वाकड्या तोंडांना समजून घेतं. पोलादी थरांना तोंडं सपाट आणि स्वच्छ लागतात. आधी जुना चिकटलेला भाग खरवडून काढावा. बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळावेत. एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे वळलं की चकती एका बाजूनं दबते. आणि मुख्य म्हणजे पॅकिंग एकदाच वापरायचं. ते दबून फटीचा आकार घेतं, हेच त्याचं काम. तो आकार पुन्हा दुसऱ्याला उपयोगी पडत नाही.

आता तुमचे आक्षेप. तुम्ही म्हणाल, "मास्तर, एवढीशी चकती, तिचं केवढं पुराण!" बरं. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उडाल्यावर ७३ सेकंदांनी आकाशात फुटलं. सात माणसं गेली. त्यांत एक शाळामास्तरीण होती. कारण काय, तर रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग थंडीनं कडक झाली आणि फट बुजेना. रिचर्ड फाइनमन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञानं चौकशीच्या बैठकीत त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांना दाखवला. आदल्या रात्री ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचेच इंजिनियर उड्डाण नको म्हणत होते. वरच्यांना वाटलं, चालून जाईल. म्हणजे हे क्रियापद केवळ मराठी नाही. तिथं इंजिनियरचं ऐकलं नाही, इथं मी मिस्त्रीचं ऐकलं नाही. फरक एवढाच की मला दुसरी संधी मिळाली. ही संधी व्याकरणातली नव्हे.

दुसरा आक्षेप मेव्हण्याचा. तो म्हणाला, "भाऊजी, पॅकिंग बदललं तं आवाजाची मजा गेली." त्याला मी कायदा ऐकवला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. कमी करणारा! २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे आणि धुराचे नियम मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तीन महिन्यांची कैदही. शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या कर्कश सायलेन्सरांच्या रांगेवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो त्यानंही पाहिलेले आहेत. तो म्हणाला, "नागपुरात पकडते. बाभुळगावात कोण पकडते?" मी म्हटलं, "आई."

माझं भांडण सायलेन्सरशी नाही. गंजलेला बदलावाच लागतो आणि बाहेरचा असला म्हणून वाईट असतो असं नाही. माझं भांडण आपल्या हिशेबाशी आहे. साडेतीन हजार आपण आनंदानं देतो, कारण ते दिसतात आणि ऐकू येतात. १२० रुपयांवर घासाघीस करतो, कारण ते दोन नळ्यांच्या मध्ये कायमचे गडप होणार असतात. घर बांधताना दर्शनी भागाला ग्रॅनाइट लावतो आणि गच्चीच्या नळीचा सांधा सुतळीनं बांधतो. लग्नात बँडला मोजतो आणि आचाऱ्याशी भांडतो. आणि जो आठवी शिकलेला मुलगा खरं सांगतो, त्याला विचारतो, "तुला काय कळतं?"

मी शेवटी यवतमाळला गेलो, दोन्ही नमुने घेऊन. पॅकिंग १२० रुपयांना मिळालं. दुकानदारानं शंभर देता का म्हणून स्वतःहून विचारलं, कारण गिऱ्हाईक घासाघीस न करता उभं आहे हे त्याला संशयास्पद वाटलं असावं. मी पूर्ण पैसे दिले. तळाची भोकंही पत्रा मारून बुजवली. गाडी आता शहाण्या माणसासारखी बोलते, म्हणजे जवळजवळ बोलतच नाही. म्हैसही परत आली.

परवा कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. थंडी होती तरी मी माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली ठेवली होती. ती सवय आता जायची नाही. मागे आई बोलत होती. जाताना बोलली, येताना बोलली. शेवटी ही वैतागून म्हणाली, "आई, जरा दम घ्या."

"काहून? रस्ता एवढा लांब," आई म्हणाली, "बोलू नाही तं काय करू?"

मी आरशात पाहिलं आणि म्हटलं, "बोल तू."